डोळ्यांतली चमक आणि मानधनाचा हिशेब

दरवर्षी जुलैच्या सुमारास बीबीसीचा वार्षिक अहवाल येतो, ठरावीक रकमेच्या वर मानधन घेणाऱ्या निवेदकांची नावं त्यात छापून येतात आणि तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, प्रसिद्धीला किंमत असते, ती मोजावीच लागते, आणि लाखोंनी कमावणाऱ्या बायकांनी आणखी मागणं हे श्रीमंतांचं भांडण आहे. दुसरी बाजू म्हणते, हा सगळा पुरुषांनी मिळून रचलेला डाव आहे. जेरेमी व्हाइन या निवेदकाच्या तुलनेत तशाच कामाचं खूप कमी मानधन मिळालं म्हणून बीबीसीवर समान वेतनाचा खटला भरणाऱ्या निवेदिका समीरा अहमद यांचं नाव या वादात हमखास निघतं आणि दोन्ही बाजू त्यांचा खटला आपापल्या सोयीने वाकवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या खटल्यात मुख्य प्रश्न समीरा अहमद किती लोकप्रिय आहेत हा नव्हता, आणि बीबीसीतले वरिष्ठ मनातून स्त्रीद्वेष्टे होते का, हाही नव्हता. एकाच प्रकारच्या कामासाठी दोघांना वेगवेगळे पैसे देणाऱ्या मालकाने ते का दिले, याचं खरं आणि त्या वेळचं कारण दाखवायला हवं, एवढाच प्रश्न होता. बीबीसीला ते दाखवता आलं नाही. ही गोष्ट लहान वाटते, पण पगाराबद्दलची जवळजवळ प्रत्येक लढाई इथेच येऊन थांबते.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. समीरा अहमद १९६८ मध्ये लंडनमध्ये जन्मल्या, ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकल्या आणि १९९० मध्ये प्रशिक्षणार्थी पत्रकार म्हणून बीबीसीत आल्या. लॉस एंजेलिसहून त्यांनी अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन याच्यावरच्या खुनाच्या खटल्याचं वार्तांकन केलं. पुढे बर्लिनमध्ये डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेसाठी काम केलं, मग चॅनेल ४ न्यूजवर अकरा वर्षं बातमीदार आणि निवेदक म्हणून घालवली. दक्षिण आफ्रिकेत समलिंगी स्त्रियांना ‘सुधारण्याच्या’ नावाखाली होणाऱ्या बलात्कारांवरचा त्यांचा वृत्तांत गाजला. २०१२ पासून त्या बीबीसीवर ‘न्यूजवॉच’ सादर करू लागल्या आणि रेडिओ ४ वरचा ‘फ्रंट रो’ हा कला-साहित्याचा कार्यक्रम ऐकणाऱ्यांना त्यांचा आवाज चांगलाच ओळखीचा झाला. तीन दशकं, टीव्ही आणि रेडिओ दोन्ही, खटल्याच्या बातमीपासून कादंबरीकाराच्या मुलाखतीपर्यंत सगळं. हे सांगतोय ते त्यांची थोरवी गाण्यासाठी नाही. ‘व्हाइन अनुभवी होते, त्या नव्या होत्या’ असा समज करून घेऊन पुष्कळ लोक या वादात उतरतात, तो समज आधीच बाजूला पडावा म्हणून.

आता काम काय होतं ते बघू. ‘न्यूजवॉच’ हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. बीबीसीच्या बातम्यांबद्दल प्रेक्षकांच्या तक्रारी, शंका, राग त्यात मांडायचा आणि बीबीसीच्याच संपादकांना समोर बसवून त्यावर जाब विचारायचा. तो वृत्तवाहिनीवर शुक्रवारी लागायचा आणि शनिवारी सकाळी बीबीसी वनच्या ‘ब्रेकफास्ट’मध्ये पुन्हा दाखवला जायचा. ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ हा १९६१ पासून चालत आलेला कार्यक्रम, तोही पंधरा मिनिटांचा. त्यात बीबीसीच्या सगळ्याच कार्यक्रमांबद्दल प्रेक्षकांची पत्रं आणि मतं सांगायची. तो जेरेमी व्हाइन २००८ ते २०१८ या काळात सादर करत होते. व्हाइन यांना एका भागाचे ३००० पौंड मिळत, अहमद यांना ४४०. जवळजवळ सातपट फरक. अहमद यांनी फरकापोटी सुमारे सात लाख पौंड मागितले. पत्रकारांची संघटना त्यांच्यामागे उभी राहिली, २०१९ च्या अखेरीस लंडनच्या रोजगार न्यायाधिकरणापुढे सुनावणी झाली आणि १० जानेवारी २०२० रोजी एकमताने निकाल अहमद यांच्या बाजूने लागला.

बीबीसीचा बचाव मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यांचं पहिलं म्हणणं असं की हे काम सारखंच नाही, कारण ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे. त्याच्या निवेदकाच्या डोळ्यांत एक मिश्कील चमक लागते, बोलण्यात खट्याळपणा लागतो. न्यायाधिकरणाने कार्यक्रमांचे भाग पाहिले आणि साधी गोष्ट नोंदवली: विनोद असतो तो लिहून दिलेल्या संहितेत. समोरच्या पडद्यावर आलेलं वाचायचं असतं. डोळे फिरवा असं लिहिलेलं असेल तर निवेदक डोळे फिरवतो, आणि त्यासाठी काही वेगळं कौशल्य किंवा अनुभव लागत नाही. डोळ्यांतली चमक म्हणजे नेमकं कोणतं कौशल्य, हेच कळणं कठीण आहे, असा शेरा निकालात आहे. मला तर उलटा प्रश्न पडतो. आपल्याच संस्थेच्या संपादकाला, तोही चिडलेला असताना, कॅमेऱ्यासमोर शांतपणे अडचणीत आणणारा प्रश्न विचारायचा, उत्तर टाळलं तर पुन्हा विचारायचा, आणि पंधरा मिनिटांत सगळं बसवायचं, याला कौशल्य लागत नाही का? मग बीबीसीच्या मापनात हे कौशल्य का मोजलं गेलं नाही आणि चमक तेवढी का मोजली गेली?

हा प्रश्न काही २०१९ मध्ये जन्मलेला नाही. ७ जून १९६८ रोजी लंडनच्या पूर्वेला डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी यंत्रं बंद केली. कंपनीने नवी श्रेणीपद्धत आणली होती आणि त्यात त्यांचं शिवणकाम कमी कौशल्याच्या ‘बी’ श्रेणीत टाकलं होतं. वर त्या श्रेणीतल्या पुरुषांच्याही ८५ टक्केच मजुरी त्यांना मिळायची. नमुना वाचून, जाड कापडाचे वेडेवाकडे तुकडे जोडून, एकसारखी कव्हरं वेगाने तयार करणं हे त्या बायका आधीच शिकून आल्या होत्या, म्हणून कंपनीला ते कौशल्य वाटलंच नाही. संप तीन आठवडे चालला, मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या, मजुरी पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर गेली, आणि या आंदोलनाच्या रेट्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला. तो १९७५ च्या शेवटच्या आठवड्यात लागू झाला. पण संपाची मूळ मागणी, म्हणजे आमचं काम कुशल माना ही, तेव्हा पदरात पडली नाही. ‘सी’ श्रेणी मिळायला १९८४ उजाडलं आणि आणखी एक संप करावा लागला. सोळा वर्षं! पैसे थोडे वाढवून देणं मालकाला तुलनेने सोपं जातं. मोजपट्टीच चुकली होती हे कबूल करणं फार जड जातं. डॅगनमच्या बायकांचं शिवणकाम मोजपट्टीत बसलं नाही आणि चाळीस वर्षांनंतर एका पुरुषाच्या डोळ्यांतली चमक मात्र बसली, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आता समोरच्यांचं सगळ्यात सबळ म्हणणं. बीबीसीने दाखवून दिलं की ‘न्यूजवॉच’वर अहमद यांच्या आधी रेमंड स्नॉडी होते, पुरुष होते, आणि अहमद आल्या तेव्हा त्यांना स्नॉडी यांच्याच दराने पैसे दिले गेले. उलट ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ पूर्वी अॅन रॉबिन्सन या बाईंनीही सादर केला होता. म्हणजे दर कार्यक्रमाचा होता, बाईचा किंवा पुरुषाचा नव्हता. बातम्यांचा बाजार वेगळा, मनोरंजनाचा वेगळा. अहमद यांच्या बाजूने लिहिणारे अनेकजण स्नॉडींचं नावच घेत नाहीत. घ्यायला हवं. या मुद्द्याने ‘बाई म्हणून कमी दिले’ ही सरळसोट कथा खरोखर हलते, आणि खटला ऐकणाऱ्या कुणाही निष्पक्ष माणसाला इथे थांबून विचार करावा लागेल.

मी थांबून विचार केला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, बातम्यांना बीबीसी कमीच पैसे देते हे बीबीसीच्याच आकड्यांवरून खोटं ठरतं. २०१७ च्या पहिल्या यादीत ‘टुडे’ या रेडिओवरच्या बातम्यांच्या कार्यक्रमाचे जॉन हम्फ्रीज ६ लाख ते ६ लाख ४९ हजार पौंडांच्या गटात होते. हम्फ्रीज यांच्याकडे दुसरंही काम होतं, हे खरं. पण त्याच ‘टुडे’वर त्यांच्या शेजारी बसून सादरीकरण करणाऱ्या सारा माँटेग्यू यांना १ लाख ३३ हजार पौंड मिळत होते, त्यांचं नाव यादीत यायलाही ते पुरेसे नव्हते. पुढे बीबीसीने माँटेग्यू यांची माफी मागितली आणि ४ लाख पौंड दिले. परदेशी वार्ताहरांचंही तेच. उत्तर अमेरिकेचे संपादक जॉन सोपेल २ लाखांच्या वर, मध्यपूर्वेचे जेरेमी बोवेन दीड लाखाच्या वर, आणि अस्खलित चिनी बोलणाऱ्या चीनच्या संपादक कॅरी ग्रेसी १ लाख ३५ हजारांवर. ग्रेसींनी जानेवारी २०१८ मध्ये पद सोडलं, बीबीसीने जूनमध्ये माफी मागितली, आणि मिळालेली थकबाकी त्यांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. हे सगळं बातम्यांच्याच बाजारात घडलं. मग बातम्यांचा बाजार स्वस्त होता तो कुणासाठी?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ब्रिटिश कायद्यात काम सारखं आहे हे कर्मचाऱ्याने दाखवलं की पुढचं ओझं मालकावर येतं. फरकाला दुसरं खरं कारण होतं, आणि तो फरक स्त्री-पुरुष भेदामुळे नव्हता, हे मालकाने सिद्ध करायचं. ‘बाजार’, ‘प्रसिद्धी’, ‘अनुभव’ ही सगळी कारणं कायद्याला मान्य होऊ शकतात. पण ती कारणं मानधन ठरवण्याच्या वेळी खरंच विचारात घेतलेली हवीत. वकिलाने दहा-बारा वर्षांनी रचलेली चालत नाहीत. व्हाइन यांचे ३००० आणि अहमद यांचे ४४० कसे ठरले, कुणी ठरवले, कशाशी तुलना करून ठरवले, याची पटेल अशी नोंद बीबीसीकडे नव्हती. निवेदकांचं मानधन ठरवण्याची पारदर्शक आणि एकसारखी पद्धतच संस्थेकडे नाही, हे न्यायाधिकरणाने स्पष्ट म्हटलं. स्नॉडी यांचा दर ‘न्यूजवॉच’चा दर काय होता एवढं सांगतो, तो का होता हे सांगत नाही. एखादी चूक आधीच्या माणसापासून चालत आली म्हणून ती कारण होत नाही.

प्रसिद्धीबद्दलही प्रामाणिक असायला हवं. जेरेमी व्हाइन प्रसिद्ध होते. रेडिओ २ वर २००३ पासून दुपारचा कार्यक्रम, टीव्हीवर इतर कार्यक्रम. रस्त्यावर लोक त्यांना ओळखत. प्रसिद्ध माणूस प्रेक्षक खेचतो आणि प्रतिस्पर्धी वाहिन्या त्याला ओढायला टपलेल्या असतात, हे काल्पनिक नाही. सोपेल आणि निवेदिका एमिली मेटलिस २०२२ मध्ये बीबीसी सोडून खासगी कंपनीकडे गेलेच. तेव्हा बाजार नाहीच, असं कुणी म्हणू नये. पण जानेवारी २०१८ मध्ये काय झालं तेही आठवावं. यादीवरून गदारोळ झाल्यावर हम्फ्रीज, सोपेल, व्हाइन यांच्यासह सहा नामवंत पुरुषांनी कमी मानधन घ्यायला मान्यता दिली. ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’चा व्हाइन यांचा दर ३००० वरून १३०० वर आला. रेडिओ २ वरची त्यांची दुपार चालू राहिली, हम्फ्रीज २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ‘टुडे’वर होते. जो दर बाजाराने ठरवला म्हणून अटळ होता, तो एका सार्वजनिक यादीने निम्म्याहून खाली आला. मग तो बाजाराचा दर होता, की कुणी विचारलं नाही म्हणून चाललेला दर होता?

आणि प्रसिद्धी येते तरी कुठून? बीबीसीच्या निवेदकाची प्रसिद्धी बहुतांशी बीबीसीच घडवते. मोक्याची वेळ कुणाला द्यायची, कुणाचा चेहरा वर्षानुवर्षं समोर ठेवायचा, हे संस्थाच ठरवते. १९३३ मध्ये शीला बॉरेट या रेडिओवर निवेदन करणाऱ्या पहिल्या बाई झाल्या आणि श्रोत्यांच्या तक्रारी आल्या म्हणून काही महिन्यांत त्यांना त्या कामावरून काढलं गेलं. १९६० मध्ये नॅन विंटन यांनी बीबीसी टीव्हीवर राष्ट्रीय बातम्या वाचल्या. बाईच्या तोंडून गंभीर बातम्या प्रेक्षकांना रुचत नाहीत, असं संस्थेच्या पाहणीत आढळलं आणि त्यांनाही थांबवलं. अँजेला रिपन नियमित बातम्या वाचू लागल्या तोवर १९७५ साल आलं होतं. प्रत्येक वेळी ‘प्रेक्षकांना हेच हवं’ हेच कारण दिलं गेलं. पंधरा वर्षं ज्यांना पडद्यावर येऊच दिलं नाही, त्यांना लोक ओळखत नाहीत म्हणून कमी पैसे द्यायचे, यात न्याय कुठे बसतो?

तरीही ‘हा जाणूनबुजून रचलेला डाव होता’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि या बाजूला उभा असल्यामुळे हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. डाव सिद्ध करायचा तर कुणाचा तरी वाईट हेतू दाखवावा लागतो, आणि तो जवळजवळ कधीच दाखवता येत नाही. मग आरोप कोसळतो आणि त्याच्याबरोबर खरा अन्यायही झाकला जातो. समान वेतनाच्या कायद्याची ताकद यातच आहे की त्याला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. पगार ठरवणारा माणूस सज्जन असू शकतो, घरी मुलींना शिकवणारा असू शकतो, आणि तरीही सवयीने, संकोचाने, भाव करणाऱ्याला जास्त आणि न करणाऱ्याला कमी देत देत तो सातपटीचा फरक उभा करू शकतो. अहमद यांच्या वकिलांना कुणालाही खलनायक ठरवावं लागलं नाही.

राहिला ‘श्रीमंतांचं भांडण’ हा मुद्दा. मला हा सगळ्यात वरवरचा वाटतो, पण तो लोकांना लगेच पटतो. समान वेतनाच्या ज्या तत्त्वावर अहमद जिंकल्या, त्याच तत्त्वावर बर्मिंगहॅम महापालिकेच्या स्वयंपाकिणी, सफाई कामगार आणि घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया लढल्या. कचरा उचलणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या पुरुषांना बोनस मिळायचा, त्याच श्रेणीतल्या या बायकांना नाही. २०१२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा १७४ कर्मचाऱ्यांना उशिरा का होईना दावा करायला मोकळीक दिली. देणं इतकं फुगलं की २०२३ मध्ये पालिकेला आर्थिक संकट जाहीर करावं लागलं, आणि त्यामागच्या कारणांत हे थकलेलं वेतन मोठं होतं. ॲस्डा या सुपरमार्केटच्या दुकानांत काम करणाऱ्या, बहुसंख्य स्त्रिया असलेल्या कर्मचाऱ्यांना गोदामातल्या पुरुषांशी आपली तुलना करता येईल, हे २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं. या बायकांचा प्रश्न आणि अहमद यांचा प्रश्न एकच आहे: माझं काम त्याच्या कामासारखं असताना मोबदला वेगळा का? टीव्हीवरच्या बाईने हा प्रश्न विचारला की तो बातम्यांत येतो. गल्लीतल्या स्वयंपाकिणीने विचारला की येत नाही. म्हणून पहिलीने गप्प बसावं, हे कोणतं तर्कशास्त्र?

आपल्या मुंबईतच याचं उदाहरण आहे. ऑड्री डिकोस्टा मॅकिनन मॅकेंझी या ब्रिटिश वळणाच्या जहाज कंपनीत वरिष्ठांच्या गोपनीय स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा पगार कमी. कंपनी म्हणाली, या बायका साहेबांशी जोडलेल्या, पुरुष स्टेनो सामाईक विभागात, कामच वेगळं. शिवाय युनियनशी करार झालेला आहे. शिवाय आम्हाला परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८७ मध्ये तिन्ही बचाव फेटाळले. एक श्रेणी मुद्दाम फक्त बायकांची ठेवायची आणि मग श्रेणी वेगळी म्हणून पगार वेगळा म्हणायचं, हे १९७६ च्या समान मोबदला कायद्याला मान्य नाही, आणि मालकाची ऐपत हा त्यातून सुटायचा मार्ग नाही, असं न्यायालयाने बजावलं. मुंबईच्या कचेरीतल्या टंकलेखन यंत्राशेजारी दिला गेलेला तो बचाव आणि लंडनमध्ये दिलेला ‘मनोरंजन वेगळं, बातम्या वेगळ्या’ हा बचाव, यांत तीस वर्षांचं अंतर आहे, पण बांधणी एकच आहे. कप्पा आधी बनवायचा आणि मग कप्प्याकडे बोट दाखवायचं.

परवडण्याचा मुद्दा बीबीसीच्या संदर्भात खोडायला हवा, कारण तिथे पैसे टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरलेल्या परवाना शुल्कातून येतात. सगळ्यांना ३००० द्यायचे तर घराघरांतून जास्त पैसे उकळावे लागतील, असं म्हणतात. पण समानतेची पातळी वरचीच असावी असं कुणी सांगितलं? मागचं देणं द्यावंच लागतं. पुढचा दर मात्र १३०० वर, किंवा त्याहूनही खाली, सगळ्यांसाठी एकच ठरवता येतो. लोकांच्या पैशाची काळजी असेल तर पंधरा मिनिटांच्या पत्रवाचनाला ३००० पौंड का, हा प्रश्न २००८ मध्येच पडायला हवा होता.

अहमद यांच्या निकालाची मर्यादाही नीट समजून घ्यावी. न्यायाधिकरणाचा निर्णय पहिल्या पायरीवरचा आहे, तो इतर खटल्यांवर बंधनकारक नाही, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केल्याने तो वरच्या न्यायालयात गेलाच नाही. प्रत्येक निवेदिकेला आपलं काम सारखं आहे हे पुन्हा नव्याने दाखवावं लागेल. ते दाखवायचं तर शेजारच्याला किती मिळतात हे आधी कळायला हवं. २०१७ ची यादी आली म्हणून बीबीसीतल्या चाळीसहून अधिक स्त्रियांना एकत्र येऊन महासंचालकांना पत्र लिहिता आलं. तोवर प्रत्येकजण एकटी होती. पण त्याच वर्षी बीबीसीच्या कार्यक्रमनिर्मितीचा मोठा भाग बीबीसी स्टुडिओज या व्यावसायिक उपकंपनीकडे गेला, आणि तिच्यामार्फत दिलेलं मानधन यादीतून वगळलं गेलं. अनेक मोठ्या मनोरंजन कार्यक्रमांचे निवेदक त्यामुळे यादीत कमी रकमेने दिसतात किंवा दिसतच नाहीत. बातम्या आणि मनोरंजन यांच्यातली जी भिंत न्यायाधिकरणाने अहमद यांच्या खटल्यात मान्य केली नाही, तिच्या एका बाजूचे आकडे आज लोकांपुढे आहेत आणि दुसऱ्या बाजूचे नाहीत. ते आकडे उघड करा, ही मागणी पगाराच्या यादीवरून दर जुलैत भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकत्र करायला हवी.